गाडीबरोबर आलेलं

"हे गाडीबरोबर आलं होतं का?"

काका एवढाच प्रश्न विचारत. विचारताना चष्मा कपाळावर ढकलत आणि त्या वस्तूकडे असं बोट रोखत, जणू कुणी त्यांच्या भिंतीवर जाहिरात चिकटवून गेलं आहे. समोरचा "नाही" म्हणाला की दुसरं वाक्य तयार असे. "मग काढून टाका."

फुकट सल्ला देणारा असा एखादा काका तुमच्याही सोसायटीत असेल. बिबवेवाडीतल्या आमच्या काकांपाशी मात्र स्वतःची जीप होती. पाटबंधारे खात्यात नोकरीभर ते खात्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून कालवे हिंडले. ते निवृत्त झाल्यावर खात्याने ती जीप लिलावात काढली, तेव्हा तीच घरी घेऊन आले. उजव्या दाराला मोठा पोचा होता. तो ठोकून घ्या, असं कुणी सुचवलं की म्हणत, "तो गाडीबरोबर आलाय."

मी यवतमाळकडच्या लहान गावातला, घरातला पहिला पदवीधर. पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागलो. त्या दिवसांत पगार हातात पडला की माणसं विचार करण्याआधी गाडी घेत. मीही जुनी जीप घेतली. पावसाळ्यात आमच्या गावच्या नाल्यापलीकडे एसटी जात नसे, म्हणजे कारण चांगलं होतं. पण ऑफिसातल्या मित्रांनी हौसेने तिला रुंद टायर लावले, टपावर दिव्यांची ओळ बसवली आणि पुढे एक लोखंडी कठडा चढवला. रविवारी सकाळी मी ती मोठ्या अभिमानाने काकांपुढे उभी केली.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"आपण निघालात कुठे?"

मी म्हणालो, "गावाला."

"गावाला कळवलंय का?"

मग सल्ला सुरू झाला. या रुंद टायरांनी स्टिअरिंग जड होईल. हा कठडा पुढच्या स्प्रिंगा बसवेल. दिव्यांच्या वायरी ज्याने जोडल्या त्याने बहुधा देवाचं नाव घेऊन जोडल्या आहेत, तेव्हा एक दिवस धूर निघेल. चिखलात शिरण्याआधी टायरमधली थोडी हवा सोडावी आणि डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरावी. हे फुकटात होतं, म्हणून कुणी करत नाही. अधूनमधून गाडी मातीवर नेऊन फोर-व्हीलचा दांडा टाकत जावा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो ओळख दाखवत नाही. पाण्यातून बाहेर आलं की हलके ब्रेक दाबत ते सुकवावेत. आणि घरी आल्यावर आधी गाडीचं पोट धुवावं. "वरचा रंग काय, शेजारी बघतात म्हणून तुम्ही धुताच."

मी सगळं काढून टाकलं. त्या पावसाळ्यात नाला ओलांडून थेट घराच्या दारात उतरलो. परत आल्यावर त्यांचे मनापासून आभार मानले, तर म्हणाले, "आभार राहू द्या. गाडी गेटसमोरून हलवा."

तरीही दर रविवारी पोरं आपापल्या जीपा घेऊन येत. सल्ला चांगला असेल तर अपमानासाठी पुण्यात रांग लागते, हे मला इथेच कळलं. एकाने खोल पाण्यातही इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून टपापर्यंत उंच नळी बसवून आणली होती. काकांनी ती नळी खालून वर न्याहाळली. "आपल्याकडे नळाला पाणी एक वेळ येतं," ते म्हणाले. "आपण बुडणार कुठे?"

जीपची डावी सीट काकूंची. वाघोलीच्या पुढे त्यांचा एक प्लॉट होता. घर काही बांधून झालं नाही, पण काकूंनी तिथे लिंबं, शेवगा आणि कुंपणाला अबोली लावली होती. आजूबाजूला इमारती उठू लागल्या आणि डंपरांनी त्या कच्च्या रस्त्याला गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या. रिक्षावाला तिकडे वळायलाही तयार नसे. जीप होती म्हणून बाग होती.

मग काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, पण जीपमध्ये पाय उंच टाकून चढणं काही जमेना. परदेशातला मुलगा फोनवर सांगू लागला, जीप विका, छोटी गाडी घ्या. छोटी गाडी त्या चाकोऱ्यांत पोट टेकून बसेल, हे काकांना ठाऊक होतं आणि काकूंनाही. जीप विकली की बाग संपली. काका एकटेच जाऊन झाडांना पाणी घालून येत आणि वर येऊन सांगत, "जिवंत आहेत." काकू म्हणत, "विचारलंत का त्यांना?" गॅलरीतल्या एकुलत्या एका तुळशीला त्या दिवसातून दोनदा पाणी घालत.

एका रविवारी आम्ही खाली जमलो, तर काकांच्या जीपच्या डाव्या बाजूला काळा रंग दिलेली लोखंडी पायरी. मूळच्या पत्र्याला भोकं पाडून, नटबोल्टने बसवलेली. काका आमच्याकडे न पाहता काच पुसत होते. आम्हीही त्या पायरीकडे पाहिलं नाही. काही वस्तूंकडे न पाहण्यासाठी फार प्रयत्न लागतो.

काकू खाली आल्या. पायरीवर पाय ठेवून, दाराजवळचा दांडा धरून, सावकाश चढल्या. सीटवर टेकल्यावर त्यांनी पदर सारखा केला. काकांनी गाडी काढली. पायरी काकूंच्या गुडघ्याच्या बेताने खाली घेतलेली होती. गतिरोधक मात्र सोसायटीच्या बेताने वर घेतलेला होता. गेटपाशी मोठा आवाज झाला आणि पायरी वाकून लोंबू लागली.

नळीवाला पोरगा आमच्यातच उभा होता. इतकी वर्षं साठलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं. "काका, हे गाडीबरोबर आलं होतं का?"

कुणी हसलं नाही. काका उतरून वळसा घालून पायरीपाशी आले.

"नाही," ते म्हणाले. पाना काढून त्यांनी बोल्ट सोडवले, पायरी भिंतीला टेकवून ठेवली आणि काकूंना म्हणाले, "उतर. मुलगा म्हणतो तसं करू. विकू."

काकू सीटवरूनच म्हणाल्या, "उतरू कशी?"

हा प्रश्न तिथल्या एकाही जीपमालकाला सुचला नव्हता. काकूंनी पिशवीतून किल्ली काढून माझ्याकडे टाकली. "वर जा. स्वयंपाकघरात माळ्यावरचं काढायला घेतो ते स्टूल आहे. आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडून आण."

मी दोन्ही आणलं. त्यांनी स्टुलाच्या पायाला दोरी बांधायला सांगितली. मग त्या त्यावरून उतरल्या, पुन्हा त्यावरूनच चढल्या, सीटवर बसून दोरीने स्टूल वर ओढून घेतलं आणि पायांपाशी ठेवलं. आम्हा सगळ्यांचं डोकं गाडीला काय लावायचं यातच अडकलं होतं.

"आता गाडीला काही लावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चला. लिंबांना पाणी घालायचंय."

पुढे एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा काका आत आहेत असं पाहून काकूंनी मला हळूच सांगितलं. "ह्यांनी त्या गाडीला भोकं पाडली, पाहिलंस ना? लग्नातसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं." आतून काकांचा आवाज आला, "ऐकू येतंय." ती भोकं त्यांनी पुढे रबरी बुचं लावून बंद केली. त्या बुचांबद्दल विचारायची कुणाची छाती झाली नाही.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात काकू गेल्या. काका बरेच रविवार खाली आले नाहीत. आम्ही उगाच जमायचो आणि एकमेकांना चुकीचे सल्ले देऊन वर जायचो.

मग एका सकाळी ते आले. आमच्यात एक नवीन मुलगा होता. नुकताच पुण्यात आलेला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. काकांची कीर्ती तेवढी त्याने ऐकली होती, आणि आपणही शिकलोय हे त्याला दाखवायचं होतं. जीपभोवती फेरी मारून तो डाव्या बाजूला थांबला.

"काका, हे स्टूल कशाला? उगाच खडखडणार. काढून टाका."

आम्ही बाकीचे आपापल्या चपलांकडे पाहू लागलो. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डाव्या सीटकडे पाहिलं.

"ते गाडीबरोबर आलंय," ते म्हणाले.

त्यांनी दोरीचा एक वेढा डाव्या दाराजवळच्या दांड्याला दिला, वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसले आणि गाडी काढली. गतिरोधकावर स्टूल एकदा खडखडलं, आणि जीप वाघोलीच्या दिशेला लागली.