सोवळ्यातली सुई

आमच्या शेजारच्या काकांइतका कडक सोवळ्याचा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये शोधून सापडायचा नाही. सकाळी अंघोळ करून रेशमी मुकटा नेसले की पूजा, जेवण आटपेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. कुरिअरवाल्याला लांबूनच सांगणार, "ज़मीन पर रख दे भैया," आणि वर त्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. एकदा ऐन थंडीत माझा धक्का लागला तर बिचाऱ्यांनी पुन्हा अंघोळ केली, पण मला शब्दानं बोलले नाहीत. काकू मात्र म्हणाल्या, "मी लग्न झाल्यापासून यांच्याशी दोन हात लांबूनच संसार करते आहे रे."

स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा काकूंच्या दम्यामुळे आम्हा सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला. माधव नगरातल्या आमच्या डॉक्टरांकडे लस मिळेना, आणि आली ती नेमकी काकांच्या पूजेच्या वेळेला. "थोड़ी-सी आई है, अभी आ जाइए," डॉक्टरांचा फोन. काकू हटून बसल्या, "यांनी आधी घेतली तरच मी घेणार." मग काय, काका मुकट्यातच माझ्या गाडीत मागे अंग चोरून बसले, काकू पुढे.

दवाखान्यात काका खुर्चीला टेकेनात. मधोमध उभे राहून म्हणाले, "डॉक्टरसाब, लगा दो, बस छूना मत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काकाजी, बिना पकड़े कैसे लगाऊँ? दूर से फेंकूँ क्या?"

सगळे हसले. काकांनी मात्र त्यावर खरोखरच विचार केला आणि म्हणाले, "तो फिर पूजा निपटा के आता हूँ." बाहेर गर्दी वाढत होती, लस संपत होती.

"मग मलाही नको," म्हणत काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि धाप लागून चौकट धरून उभ्या राहिल्या.

काका तीरासारखे गेले. सगळ्यांदेखत त्यांनी काकूंचा हात धरला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "पहले मुझे लगाओ डॉक्टरसाब. जहाँ पकड़ना है पकड़ लो."

काकांना सुई टोचली. काकूंची धाप ओसरल्यावर डॉक्टरांनी छाती तपासून त्यांनाही टोचली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी चिडवलं, "काका, आता पुन्हा अंघोळ?"

"करीन रे. घाई काय आहे?"

काकूंचा हात त्यांनी सोडला नव्हता. काकू खाली मान घालून त्या हाताकडे बघत होत्या. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलं होतं. तो उलटून गेला तरी दोघं उठेनात, आणि मीही त्यांना उठवलं नाही.