टेकडीवरचे दगड

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली, पण ताठा काही सुटला नाही. आमच्या टेकडीवरच्या उद्यानातली पायवाट दर पावसात वाहून जायची, म्हणून स्वयंसेवकांनी एका रविवारी तिथेच बैठक घेतली. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो.

माती कशी अडवायची यावर सगळे बोलत होते. एक बाई मात्र उकिडव्या बसून, भाकरी थापावी तशा हलक्या हाताने, एकेक दगड वाटेवर आडवा बसवत होत्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

मी उठून म्हणालो, "नुसत्या चर्चा काय करता? वर्षभर रोज सकाळी या वाटेतले दगड मी एकटा उचलून फेकतोय."

बाईंनी हाताची माती झटकली. "अहो काका, पाणी अडावं म्हणून दर रविवारी ते मीच लावते. मला वाटायचं, रानडुकरं उकरतात."

आवाजात राग नव्हता. असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दगड शोधून मी परत आडवे लावले, आणि फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यातला एक पायाने सारला तेव्हा त्यांना म्हणालो, "शिकलेले दिसता, एवढंही कळत नाही?"