साडूभाऊंची दलदल

चिखलावर माझ्या साडूभाऊंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. राहायचे केडगावात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लोक पाहुण्याला देवदर्शनाला नेतात, हे गृहस्थ कासुर्डीच्या डोंगरावर न्यायचे! तिथं उतारावर बारमाही पाझर होता आणि त्याखाली अंगणाएवढी दलदल. वर शेवाळ, खाली पिढ्यान्‌पिढ्या कुजून काळा झालेला पालापाचोळा. त्यातलं किडे खाणारं, चिकट पानांचं इवलंसं झाड दाखवताना त्यांचा आवाज बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखा बारीक व्हायचा. "चपला काढा! ही माती म्हणजे स्पंज आहे. पावसाळ्यात पिते, उन्हाळ्यात थेंबथेंब सोडते." माझ्या नव्या पँटची वाट लागली ती तिथंच. वर मलाच म्हणाले, "डाग जपा, फार जुना आहे."

मग दुष्काळ पडला. उन्हाळ्यातही पाझरतंय म्हणजे आत पाणी तुंबलंय, असं गावानं ठरवलं आणि जेसीबी डोंगरावर चढवला. साडूभाऊ दलदलीच्या मधोमध जाऊन उभे! घोट्यापर्यंत रुतले, मग पोटरीपर्यंत. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ओरडत होता, "साहब, हटो ना!" गावातल्या दोघातिघांनी दगड उचलले.

"खणलंत तर आहे तेही जाईल!" साडूभाऊ किंचाळले.

मेंढरं घेऊन आलेले म्हातारे आबा पुढं झाले. "आसंल मास्तर, तुमचं खरं आसंल. पर मेंढरं आज मरत्यात. आज काय पाजू, त्येवढं सांगा."

साडूभाऊंनी हात पुढं केला. मी आणि आबांनी त्यांना ओढून बाहेर काढलं.

जेसीबीनं खणलेल्या खड्ड्याला पाणी लागलं, मेंढरं पोटभर प्यायली. आठवडा गेला नाही तोच खड्डा आटला आणि पाझरही. आता हे गावाला झोडपणार, असं मला वाटलं. छे! दर रविवारी स्कूटरला दुधाचा कॅन बांधून केडगावहून पाणी आणायचे, आधी मेंढरांना पाजायचे आणि तळाशी उरलेलं त्या वाळल्या शेवाळावर शिंपडायचे.

"एवढ्यानं काय होणार हो?" मी चिडून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले.

एका रविवारी पाणी पिऊन झाल्यावरही मेंढरं कॅनला झोंबायला लागली. आबांनी काठी आडवी धरली.

"व्हा मागं!" ते मेंढरांवर खेकसले. "त्ये मास्तरांच्या झाडांचं हाय."