पंधरा इंचांची भिंत

टेपचं टोक म्हाताऱ्याच्या हातात दिलं, की घर आखडायचं. शनिवारी बैठकीची खोली चौदा फूट दोन इंच भरली होती, मंगळवारी तीच तेरा फूट अकरा. ट्वायला स्टॅम्परनं वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिलीचं बूड चावत सासऱ्याकडं बघितलं. होबर्ट स्टॅम्पर, वय एक्याऐंशी, कोपऱ्यात टेपचं टोक धरून उभा होता. चेहरा असा, की चर्चमध्ये प्रार्थनेलाच उभा आहे.

"पपॉ, टोक भिंतीलाच टेकलंय न्हवं?" नातवंडांनी पाडलेलं हे नाव आता सगळं घर वापरायचं.

"मग काय आभाळाला टेकलंय? किती येळा मोजतीस? घर काय गाभण हाय व्हय, रोज वाढायला?"

ट्वायलानं आकडा पुन्हा एकदा तपासला. अपूर्णांकात आपणच कच्च्या, असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिनं डोंगरापलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात इंटिरिअर डिझाइनला नाव घातलं, तेव्हा केंटकीतल्या त्या घळीतल्या वस्तीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आता ही आमच्या पडद्यांना नावं ठेवणार, असं चर्चमधल्या बायका म्हणाल्या. नवरा डेनी खडीचा ट्रक चालवायचा आणि शुक्रवारी घरी यायचा. तो एवढंच म्हणाला, "वृद्धाश्रमातली नोकरी सोडू नको म्हंजे झालं."

ती तिनं सोडली नव्हतीच. अठरा वर्षं ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवत-बसवत होती, न्हाऊ घालत होती. त्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण लोक हसतील म्हणून ती कुणाला सांगत नव्हती. कितीतरी माणसं तिथं आजारानं येत नव्हती. न्हाणीघराचं दार चोवीस इंचांचं आणि चाकाची खुर्ची सत्तावीस इंचांची, म्हणून येत होती. वर्गातल्या विशीतल्या पोरी रंगांच्या चक्रावर जीव टाकायच्या. ट्वायलाचा जीव दाराच्या रुंदीत अडकलेला.

शेवटच्या सत्रात तिच्या मनासारखं काम आलं. खऱ्या म्हाताऱ्या माणसाचं खरं घर मोजायचं, आणि त्याला शेवटपर्यंत तिथंच राहता येईल असं कागदावर मांडायचं. तिनं एकट्या राहणाऱ्या सासऱ्याचं घर निवडलं. 'मापं बरोबर आहेत, माझ्या संमतीनं घेतली आहेत' या ओळीखाली घरमालकाची सही लागणार होती. सहीशिवाय काम धरणार नाहीत, आणि काम नाही तर प्रमाणपत्र नाही. गावातल्या स्वयंपाकघरं सजवून देणाऱ्या दुकानात तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, तीही मग गेली. मुदत शुक्रवारची.

होबर्टचा हिशेब मात्र सोपा होता. सून कामाला कुठं? वृद्धाश्रमात. मोजते काय? घर. त्या घळीत टेप घेऊन कुणी अंगणात उतरलं, की महिन्याभरात 'विकणे आहे'ची पाटी लागायची. शेजारची फ्यूगेट म्हातारी तशीच वृद्धाश्रमात गेली होती.

"डेनीनं सांगितलंय व्हय तुला?" मंगळवारी ती निघाली, तेव्हा त्यानं विचारलं.

"काय सांगायचंय?"

"काय न्हाई. जा तू."

बुधवारी कॉलेजात शिकवणाऱ्या प्रिचर्डबाईंनी तिचा नकाशा टेबलावर पसरला आणि एका जागी बोट ठेवलं. झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्या मधली भिंत.

"पंधरा इंच? आतली भिंत साडेचार-पाच इंचांची असते, ट्वायला. हा किल्ला आहे का?"

"मी मोजलीय बाई. दाराच्या चौकटीत टेप आडवी धरून. थंडी लागू नये म्हणून जाड बांधली, असं सासरे म्हणतात."

"घराच्या मधोमध थंडी?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मोजलंत, की अंदाजानं ठोकून दिलंत? गेल्या वर्षी एकीनं अख्खं घर खाटेवर बसून मोजलं होतं. आणि बैठकीचे हे दोन दोन आकडे कशाला?"

ट्वायलाचे कान तापले. बाईंनी कपाटातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. "हे न्या. भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं. समोर टोक धरायला माणूस लागत नाही."

गुरुवारी समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला तसा म्हातारा खुर्चीतून उठला.

"बंदूक हाय का काय ती?"

"टेप हाय. उजेडाची." तिनं आकडा वाचला. "चौदा फूट दोन. मंजे शनवारी तुमी खरं धरलंवतं. मंगळवारी हात घसरला."

"वय झालं माजं."

"घसरला का घसरवला?"

होबर्टला एकदम चुलीवरच्या घेवड्याची आठवण झाली. तो आत जाऊन पातेल्यात पळी आपटत बसला. ट्वायला झोपायच्या खोलीत गेली. तिनं त्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकलं. आधी लाकूड बोललं, आणि त्याच्या मागून दुसराच कसला तरी आवाज आला. काय दडवलंय म्हाताऱ्यानं? पैसे? बंदुका? तिनं भिंतीतून गरम हवा येते त्या झरोक्याची जाळी उचकटली आणि आत मोबाइलचा उजेड पाडला.

पत्रा. पांढरा, आणि त्यावरून गेलेला निळा पट्टा.

असा पत्रा तिनं डोळे मिटूनही ओळखला असता. चाकांवर ओढून आणतात त्या पत्र्याच्या ट्रेलर-घरात, लोक ज्याला डबा म्हणत, तिचं बालपण गेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी डेनीनं तिला या घरी आणलं, तेव्हा याच माणसानं जेवता जेवता विचारलं होतं, "ही डब्यातली न्हवं का?"

ती दारात येऊन उभी राहिली. "पपॉ, तुमीबी डब्यातलंच की."

पळी थांबली.

"एकोणऐंशी साली आणला," तो पातेल्यालाच सांगू लागला. "तुज्या सासूचा, वर्वाचा, बाप म्हनला, पत्र्यात पोरगी देत न्हाई. मग बांधलं भोवतीनं. पुढनं खोली, मागनं खोली, वरनं छप्पर. दर ऐतवारी जेवाय यायचा सासरा. मरूस्तवर कळलं न्हाई त्याला."

"आन् डेनीला?"

"न्हाई. आन् सांगायचंबी न्हाई." तो वळला. "कागदावर भिंत जाड हाय एवढंच लिव्ह. पत्र्याचं नाव काढायचं न्हाई. आत्ता सही करतु."

अर्ज टेबलावरच होता. ट्वायलानं पेनाकडं बघितलं. एका ओळीचा तर प्रश्न होता, आणि या माणसानं तिला पंचवीस वर्षं डब्यातली म्हणून ऐकवलं होतं. घळभर सांगत सुटावं असंही तिला क्षणभर वाटलं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "मोरीचं दार ह्याच भिंतीत हाय. उद्या कुनीतरी माजा कागद बघून करवत लावंल. आत पत्रा, पत्र्याच्या आत वायरी. त्याचा हात जाईल."

"मग न्हाई सही."

"नगा करू."

ती टेबलाशी बसली आणि भिंत उभी चिरल्यावर जशी दिसेल तशी काढू लागली. अलीकडं फळी, मग पोकळी, मग पत्रा, मग ट्रेलरची जुनी पातळ भिंत. म्हातारा घेवडा ढवळत होता, पण मान तिरकी करून बघत होता. शेवटी तो पाठीमागं येऊन उभाच राहिला.

"हितं मोकळं दावलंस?"

"मोकळंच आसंल की."

"आसंल की म्हन! आन हिकडं पेन्सिल." त्यानं पोकळीत खांब काढले, एकेक, पट्टीशिवाय, तरी सरळ. "पॉप्लरचं लाकूड हाय. दर सोळा इंचाला एक. पत्र्यावर भार न्हाई कशाचाच. डबा ओढून काढलास तरी घर हलायचं न्हाई. लिव्ह त्ये."

"काय लिवू?"

"डबा काढला तरी घर उभं ऱ्हातंय. आसं लिव्ह."

तिनं लिहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि पुन्हा डोळे बारीक केले.

"कोन कोन बगनार ह्ये?"

"बाई. आन् वर्गातल्या अकरा पोरी."

"आपल्या घळीतलं कोन?"

"कोन न्हाई."

"आन् दार कितीचं काढलंयस ह्ये?"

"छत्तीस इंच."

"छत्तीस! मी काय बैल हाय? अठ्ठावीस रग्गड झालं." मग तो थांबला. तिच्या नोकरीच्या जागेची त्याला आठवण झाली असावी. "खुर्चीसाटनं व्हय? मंजे खुर्ची येनार म्हन की."

"आली तर आत शिरंल. न्हाईतर तिच्यापायी तुमाला भाईर जावं लागंल."

होबर्टनं खुर्ची ओढली. तो कागदावरची ओळ न ओळ बोट फिरवून वाचत गेला. आपल्याला या घरातून बाहेर काढायचं कलम कुठं लपलंय, हे तो त्यात शोधत होता. सापडलं नाही. मग त्यानं पेन घेऊन सावकाश सही केली, पण कागद काही सोडला नाही.

"ह्याची एक नक्कल मला पायजे. तुज्या बाईच्या शिक्क्याची."

"तुमाला कशाला?"

"तुमी नवरा-बायको उद्या काय म्हनशिला कुनास ठावं," म्हातारा म्हणाला. "म्हातारा ह्या घरात ऱ्हाऊ शकतुया, आसं शिकल्याल्या माणसानं लिवून दिल्यालं आसावं जवळ."