चौथ्या तळघराचा नकाशा

“तुम्ही कॉम्प्युटरवाले. सांगा, हे काय आहे?” असं म्हणून देवस्थळी साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

आलेखाचा कागद होता. त्यावर पेन्सिलीने काढलेले चौकोन, त्यांना जोडणारे अरुंद बोळ, आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. पहारेकरी इथे उभा असतो. आधी लाल पावडर, मग काळं तेल, पाणी शेवटी. धूर येतो. पहारेकरी झोपतो. किल्ली त्याच्या कमरेला आहे.

मला हसू आलं. खोलीत दुसरं कोणीच हसलं नाही, तेव्हा मी गप्प झालो.

देवस्थळी आमचे पर्सोनेल मॅनेजर. माणसं घेणं, काढणं, मेमो देणं, सगळं त्यांच्या हातात. शेजारी वर्क्स मॅनेजर बसले होते, ज्यांच्यावर सगळा प्लांट चालायचा. दाराशी सिक्युरिटी ऑफिसर, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. आदल्या संध्याकाळी सुटताना गेटवर झडती झाली, तेव्हा हे कागद भावना राऊतच्या पिशवीत सापडले होते. भावना आमच्या लॅबमधली केमिस्ट, सफाळ्याहून रोज गाडीने बोईसरला येणारी. तिला तिथल्या तिथे सस्पेंड केलं होतं. आरोप होता प्रोसेस चोरल्याचा.

हा आरोप किती वाईट, ते बाहेरच्याला कळणार नाही. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी रंगाची, औषधाची, रसायनांची युनिटं. यंत्रं सगळ्यांकडे सारखीच. फरक प्रोसेसचा, म्हणजे कोणता माल आधी टाकायचा, कोणता नंतर, किती तापवायचं, हे ज्याचं त्याचं गुपित. त्यामुळे गेटवर डबासुद्धा उघडून बघायचे. प्रोसेस चोरणारी म्हणून एकदा नाव झालं, की त्या वसाहतीत कोणत्याही लॅबचं दार तिला उघडलं नसतं. तिच्या घरात पगार आणणारी ती एकटी होती.

मी म्हणालो, “साहेब, हा गेम आहे. माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा. ही त्याची टिपणं आहेत.”

देवस्थळी खुर्चीत मागे रेलले. “तीही हेच म्हणते. गेम खेळायला कोणी टिपणं काढतं का हो? माझ्या तरी ऐकण्यात नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता तो गेम कसा होता ते सांगतो. कंपनीत रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर एकच, माझ्या खोलीत. खोलीला एसी, आणि बाहेर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. मशीनला धूळ चालत नाही अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने एक फ्लॉपी ठेवून दिली होती, तिच्यात हा रोल-प्लेइंग गेम. म्हणजे गोष्टीतलं एक पात्र आपण व्हायचं. गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, मग किल्ल्याखालच्या तळघरांत उतरायचं. गंमत अशी, की गेम काहीच लक्षात ठेवून देत नाही. विहिरीवरची म्हातारी एक गोष्ट एकदाच सांगते. पुन्हा विचारलं तर तोंड फिरवते. नकाशा नाही. कोणतं औषध कशात घालून बनतं, ते आपणच करून बघायचं. जो कागद-पेन्सिल घेऊन बसतो तो पुढे जातो. बाकीचे त्याच त्या खड्ड्यात पडत राहतात.

जेवणाच्या सुट्टीत अर्धं ऑफिस माझ्या दाराशी चपला काढून जायचं. अकाउंट्सवाले आले, स्टोअरवाले आले, खड्ड्यात पडले आणि कंटाळून गेले. भावना टिकली, कारण तिला लिहायची सवय होती. लॅबमध्ये हाडात मुरलेली सवय. काय टाकलं, काय झालं, शेरा. गेममध्येही तिने तेच केलं. कागद वापरले ते लॅबच्या रेकॉर्डरमधून, म्हणजे तापमानाचा आलेख काढणाऱ्या यंत्रातून, उरलेले, रद्दीत जाणारे. त्यावर कंपनीचं नाव छापलेलं. आणि दाराची खूण म्हणून तिने काढला व्हॉल्व्ह. प्लांटच्या नकाशात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की तो व्हॉल्व्ह, आणि आत काळं भरलं की बंद व्हॉल्व्ह. उघडं दार पांढरं, कुलूपबंद दार काळं. तिला दुसरी खूण सुचलीच नसावी. सुभेदारांनी ते बघितलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही पिशवी धरून ठेवली असती.

राग आला तो साहेबलोकांचा. वर्क्स मॅनेजर स्वतः इंजिनिअर. मी त्यांना विचारलं, आपल्या प्लांटमध्ये असा एक तरी पाइप आहे का? ते म्हणाले, नाही. मग ही चोरी कशाची? तर म्हणे, सांकेतिक असेल. पहारेकरी झोपतो ते सांकेतिक, विहिरीवरची म्हातारी सांकेतिक. दोन डिग्र्या घेतलेला माणूस असं बोलतो तेव्हा काय करावं? मी म्हटलं, मशीन लावून दाखवतो. देवस्थळी म्हणाले, चौकशी रीतसर होईल, तेव्हा बघू. कागद त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि कुलूप लावलं.

ती रीतसर चौकशी लांबत गेली. मधल्या काळात एकदा भावनाचे वडील गेटवर मला भेटायला आले. त्यांचं सफाळे स्टेशनजवळ लहानसं दुकान. चहा घ्यायलाही नाही म्हणाले.

“साहेब, गाडीतली माणसं दुकानात येऊन इचारतात, पोरीनं कंपनी विकली काय. ती घरात कुणाशी बोलत नाय. चोरी केली असंल तर मी सोता तिला इथं आणून उभी करतो. पण तुमी मला खरं सांगा, केलीय काय?”

मी सांगितलं, नाही केली. ते म्हणाले, मग तसं वर सांगा की. मी म्हणालो, सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ज्याच्या सांगण्याला किंमत नाही तो कसला साहेब. ते बघणं मला झोंबलं. तिथून सरळ वर्क्स मॅनेजरांकडे गेलो आणि म्हटलं, उद्या सकाळी मशीनसमोर चौकशी घ्या, नाहीतर मी मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावतो. हेड ऑफिसचं नाव काढल्यावर उद्याचं ठरलं.

सकाळी सगळे माझ्या खोलीबाहेर बूट काढून आत आले. भावनाला बोलावलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्ची कोणी दिली नाही, मी माझी दिली. देवस्थळींनी ड्रॉवरमधले कागद आणले होते. मी गेम लावला आणि कागद बघत बघत चालायला लागलो. पहिलं तळघर. काळा व्हॉल्व्ह, दार बंद. पांढरा व्हॉल्व्ह, दार उघडं. लाल पावडर, काळं तेल, पाणी. धूर आला, पहारेकरी झोपला, कमरेची किल्ली मिळाली. सुभेदार पडद्याजवळ सरकले आणि अगदी हळू म्हणाले, “सो गया.”

वर्क्स मॅनेजरांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं. मी दुसऱ्या तळघरात उतरलो, आणि बोलता बोलता कागदाकडे न बघता डाव्या बोळात वळलो.

“तिकडून नको,” देवस्थळी म्हणाले. “खाली पडाल. आधी म्हातारीकडून दोर घ्यावा लागतो.”

सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले.

“म्हणजे, असावं बहुतेक,” ते म्हणाले.

दर आठवड्याच्या सुट्टीनंतर माझी खुर्ची खाली केलेली का असायची, ते मला त्या क्षणी कळलं. देवस्थळी उंचीने कमी. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. मी उगाच टायपिस्टवर संशय घेत होतो.

आणि मग खरा संताप आला. माणूस खेळला त्याचं काही नाही, सगळेच खेळायचे. पण कागद हातात पडला तेव्हाच या गृहस्थांना ठाऊक होतं, की हा कशाचा नकाशा आहे. ठाऊक असताना त्यांनी त्या मुलीला घरी बसवलं, तिच्या बापाला गेटवर उभं केलं आणि तोंड वर करून म्हणाले, माझ्या तरी ऐकण्यात नाही. का, तर स्वतःचं बिंग फुटू नये म्हणून. मी हे सगळं सर्वांसमोर बोललो. वर्क्स मॅनेजर म्हणाले, जाऊ द्या, विषय वाढवू नका. विषय वाढवू नका हे आपल्याकडे नेहमी ज्याचं खरं असतं त्यालाच सांगतात.

चोरीचा आरोप मागे घेतला. भावना कामावर रुजू झाली. पण चौकशी झाली म्हणजे काहीतरी शिक्षा व्हायला हवी, म्हणून तिला मेमो मिळाला: कंपनीच्या कॉम्प्युटरचा खेळण्यासाठी वापर. खाली सही देवस्थळींची. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली, ती मी दिली नाही. तिने माझ्या खोलीतच तो मेमो घेतला आणि एवढंच विचारलं, माझे कागद मिळतील का?

“ते रेकॉर्डला लागतात,” देवस्थळी म्हणाले.

मला वाटलं ती रडेल. ती बाहेर आली, माझ्या दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि हळूच म्हणाली, “राहू देत त्यांच्याकडं. चौथ्या तळघराचा नकाशा चुकलाय त्यात. मी पक्का पूल उजवीकडं काढला, तो डावीकडं हाय. सुधारलेला कागद घरी हाय.”

पावसाळा सरता सरता देवस्थळी साहेब माझ्या खोलीत आले. बूट बाहेर काढून, रीतसर. इकडचं तिकडचं बोलले. मग पडद्याकडे बघत विचारलं, त्या गेममध्ये चौथ्या तळघरात पूल दरवेळी कोसळतोच का हो?

“मला नाही माहीत, साहेब,” मी म्हणालो. “राऊत मॅडमना विचारा. लॅब समोरच आहे.”

 त्यांनी बूट घातले आणि ते लॅबच्या उलट दिशेने गेले.

ते त्या पुलाच्या पुढे कधी गेले नाहीत, याचा मला आजही आनंद आहे, आणि तो मी लपवत नाही. भावनाने तो गेम पुरा केला, तोही माझ्याच मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत, दार सताड उघडं ठेवून. मेमो मात्र तिने कंपनी सोडेपर्यंत तिच्या फाइलला राहिला. मी दोनदा काढून टाकायला सांगितलं, दोन्ही वेळा बघू म्हणाले. आमच्याकडे खेळले सगळे. मेमो मिळाला तो लिहून ठेवणारीला.