फ्रिजवरची बाई

आमच्या घरात भूत नाही, असा माझ्या सासऱ्यांचा आदेश आहे.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, पण अंधश्रद्धेविरुद्धच्या ड्यूटीवरून अजून झालेले नाहीत. अंबरनाथ पूर्वेला आमच्या आसपास कुणाच्या अंगात आलं, कुणाच्या दारात लिंबू पडलं, की बाबांना बोलावणं येतं. ते जातात, भाषण देतात, लिंबू उचलून घरी आणतात आणि आईंना म्हणतात, "सरबत कर!" (आई ते लिंबू गुपचूप फेकून देतात आणि फ्रिजमधलं पिळतात. बाबांना अजून कळलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

मी त्या घरातली ॲपवाली सून, रूपाली. सासूबाईंना मी आईच म्हणते. गॅसचा नंबर लावायचा, वीजबिल भरायचं, गाडी किती उशिरा आहे ते बघायचं, भाजी मागवायची, आईंच्या बीपीच्या गोळीची आठवण, सगळं माझ्या फोनवर. कुणी नुसतं "डोकं दुखतंय" म्हणालं, की मी त्याला फोनवरून डॉक्टर दाखवते. डोकं थांबतं की नाही माहीत नाही, पण तो माणूस पुन्हा माझ्यासमोर तक्रार करत नाही.

याच उत्साहात मी हॉलमध्ये फोनवरून लागणारा दिवा बसवला आणि स्वयंपाकघरात, फ्रिजवर, एक गोल काळी डबी ठेवली. मी बाहेर असले की फोनवर माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, माझा आवाज घरात डबीतून येतो. इकडचा आवाज मला तिकडे ऐकू येतो. सोयच सोय!

पहिला प्रकार एका शनिवारी दुपारी घडला. आई आत झोपल्या होत्या, बाबा वाचनालयात गेले होते. मी आणि माझा नवरा संदेश हॉलमध्ये बसलो होतो. दुपारची ती वेळ असते ना, कुकर झालेले असतात, पोरं झोपलेली असतात, जिन्यात कुणी चढत-उतरत नाही आणि सगळी बिल्डिंग श्वास रोखून बसल्यासारखी वाटते. तशी वेळ.

दिवा लागला.

आम्ही वर पाहिलं. दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला. मग कुणी चिडून दाबावं तसा लागला-विझला, लागला-विझला, लागला-विझला! आणि बंद.

"तू केलंस?" संदेशने विचारलं.

"माझा फोन चार्जिंगला आहे."

"मग?"

"मग काय?"

संदेश सहा फूट उंच आहे. तो हळूच पाय सोफ्यावर घेऊन बसला.

बाबा आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "व्होल्टेज." विषय संपला. पण दिव्याने विषय संपवला नाही. कधी दुपारी, कधी अगदी तिन्हीसांजेला तो आपोआप तडफडायचा. इलेक्ट्रिशियन आणला. त्याने सगळी बटणं उघडून पाहिली. तेवढ्यात, बटण त्याच्या हातात उघडं असताना, दिवा लागला! त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पकड पिशवीत टाकली.

"मॅडम, वायरिंग ओके आहे. बाकी तुमचं तुम्ही बघून घ्या." चहा न घेता गेला. चप्पल पायात न घालता, हातात घेऊन गेला!

मग ती बोलली.

संदेश पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला होता. मी दारात उभी होते. फ्रिजवर आधी नुसती खरखर झाली. मग कुणीतरी श्वास घेतला. लांब, दमलेला, म्हाताऱ्या माणसाचा श्वास. आणि एक घोगरा बायकी आवाज, अगदी मायेने, म्हणाला,

"पुट... मानी खाधइ?"

संदेशच्या हातातला पेला सिंकमध्ये पडला.

आवाज थांबला. जणू ऐकत होता. मग पुन्हा, जरा जवळून, "मानी खाधइ?"

आम्ही दोघं बेडरूममध्ये कसे पोचलो ते मला आठवत नाही. (संदेश आधी पोचला, एवढं आठवतं. बायकोला पुढे करायची पद्धत आमच्यात नाही.)

"काय म्हणाली ती?" मी कुजबुजले.

"तू ऐकलं नाहीस? मान खाईन म्हणाली!"

"मान?"

"मान! ही!" त्याने स्वतःची मान धरून दाखवली. "आणि आधी पुटपुटली. मंत्र असणार."

आता पंचाईत अशी, की हे बोलायचं कुणाला? बाबांना सांगावं तर ते घरातच सभा घेतील. आईंना सांगावं तर बीपी. आधीच त्यांची धाकटी बहीण गेल्यापासून त्या गप्प गप्प असायच्या. रोज दुपारी दोघी फोनवर तासभर बोलायच्या. आता दुपार झाली की आई नुसत्या पडून राहायच्या, डोळे उघडे ठेवून. त्यांच्यापासून हे लपवायचंच, असं आम्ही ठरवलं. डबीची वायर काढून टाकायची हा सोपा उपाय मला सुचला होता. पण वायर काढायला फ्रिजपाशी जावं लागत होतं. "ॲप तुझं, तू जा," संदेश म्हणाला. "घर तुझं, तू जा," मी म्हणाले. कुणीच गेलं नाही.

स्वयंपाक मात्र करावा लागायचा. मी फ्रिजकडे पाठ करायची नाही असं ठरवून कणीक मळायला लागले. तुम्ही कधी तिरकं उभं राहून पोळ्या लाटल्यात? आमच्याकडे त्या आठवड्यात ज्या पोळ्या झाल्या, त्या बघून बाबा म्हणाले, "हा कुठला जिल्हा आहे?"

शेवटी बाबांना कळलंच, कारण दिवा त्यांच्या डोक्यावरच नाचला. ते खुर्चीतून उठले. हॉलच्या मधोमध उभे राहिले. छतावरच्या दिव्याला म्हणाले, "भूतबित काही नसतं! हा सगळा मनाचा दुबळेपणा आहे! ऐकतंय का कोणी?"

स्वयंपाकघरातून, फ्रिजवरून, कुणीतरी दचकून श्वास आत ओढला.

ते आम्हा तिघांना ऐकू आलं.

बाबांचा आवाज एक पट्टी वर गेला. "असेल कुणी, तर लाव दिवा!"

दिवा लागला.

खाली गल्लीत रिक्षा वळल्याचा आवाज आला, तोही कुठेतरी फार लांबून आल्यासारखा. बाबांनी घसा खाकरला.

"व्होल्टेज," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "रूपाली, जरा माझ्याबरोबर गॅलरीत येतेस का? हवा छान आहे." हवा नव्हती. ऊन होतं. आम्ही तिघं पाऊण तास त्या उन्हात हवा खात उभे होतो!

संदेशने फ्लॅट विकायची भाषा सुरू केली. बाबा ठाम होते, पण हल्ली जेवताना ते फ्रिज दिसेल अशा बाजूला बसायला लागले होते. आणि मग एका दुपारी आम्हा तिघांचं लक्ष नसताना आई उठल्या आणि चहा करायला एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या.

खरखर. श्वास. "पुट, मानी खाधइ?"

मी धावले. माझ्यामागे बाबा, त्यांच्यामागे (बराच मागे) संदेश. दारात पोचलो तर आई फ्रिजसमोर शांत उभ्या, हातात साखरेचा डबा.

"आई, मागे या! ती मान..."

"काय मान मान करताय?" आई म्हणाल्या. "जेवलास का बाळा, असं विचारतेय ती. सिंधी आहे बाई." आईंचं माहेर उल्हासनगरचं, सिंधी शेजाऱ्यांत वाढलेल्या. आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो, त्यांनाच विचारलं असतं तर! पण तेव्हा हे सुचायला डोकं जागेवर कुठे होतं?

आईंनी डबीकडे मान वर केली आणि सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाल्या, "दादी, आप कौन बोल रही हो?"

मग तिकडून जी किंकाळी आली, तिने आमच्या भांड्यांच्या मांडणीवरचं झाकण खाली पडलं.

"तू कौन है? मेरे फोन में कैसे घुसी?"

"मैं कहाँ घुसी? मैं तो घर में है!"

"मैं भी घर में है!" आवाज म्हणाला.

संदेशने माझा दंड इतका घट्ट धरला, की पुढे आठवडाभर वळ होता.

"किसके घर में?" आईंनी विचारलं.

"मेरे घर में! कॅम्प तीन!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (हा मात्र माझा मीच पाडला.) जुना फोन मी उल्हासनगरच्या त्या कॅम्प तीनमधल्याच एका दुकानात बदलून घेतला होता. देताना फोटो पुसले, नंबर पुसले, बँकेचं पुसलं. घराचं ॲप पुसलं नव्हतं. आमचं अख्खं घर मी एका अनोळखी म्हातारीच्या हातात देऊन आले होते!

आईंनी डबीतूनच पत्ता विचारून घेतला आणि आम्ही रिक्षा करून निघालो. आई, मी आणि बाबा. ("मी घर सांभाळतो," संदेश म्हणाला, आणि आम्ही येईपर्यंत खाली गेटवर उभा राहिला.) जीन्स शिवायच्या मशिनींचा खडखडाट असलेली गल्ली, वरती एक अरुंद खोली. दार उघडलं एका बुटक्या, गोऱ्या आजींनी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग आईंच्या. पावलं सरळ आहेत म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आत घेतलं.

"नमस्कार," बाबा म्हणाले.

आजी भिंतीला टेकल्या. "यही! यही आवाज़! ये आदमी फोन में से चिल्लाता है, भूत नहीं होता, भूत नहीं होता! अरे, जीता आदमी ऐसा क्यों चिल्लाएगा? भूत होगा तभी तो बोलेगा!"

तीस वर्षं लोकांच्या अंगातली भुतं उतरवणारा माणूस कॅम्प तीनमध्ये भूत ठरला होता! बाबा काहीतरी बोलायला गेले, पण आजींनी डोळे मिटून घेतले, तसे ते गप्प बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या गल्लीत वीज सारखी जायची. अंधारलेल्या खोलीत त्या फोनवरचं दिव्याचं चित्र टॉर्च समजून दाबायच्या. टॉर्च लागायचा नाही, म्हणून चिडून पुन्हा पुन्हा दाबायच्या. आणि बाबांनी दिव्याला आव्हान दिलं त्या दिवशी? "डर गई थी! जो दिखा वो बटन दबा दिया!"

"और माइक?" मी विचारलं.

आजींनी फोन पदराने पुसला. मुलगा परदेशात कामाला. त्यानेच जाण्याआधी फोन आणून दिला आणि सांगितलं, माइकचं चित्र दाबून बोल, मी ऐकेन. त्यांना जे पहिलं माइकचं चित्र दिसलं, ते त्यांनी दाबलं. रोज विचारलं, जेवलास का. रोज उत्तराची वाट बघितली.

"जवाब नहीं आता था," त्या म्हणाल्या. "मैंने सोचा, नाराज़ है."

मशिनी खालती खडखडत होत्या. आई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

मी मुलाशी बोलायचं खरं माइकचं चित्र शोधून पहिल्या पानावर आणलं, त्यांच्या बोटाने दाबून दाखवलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला. आम्ही चहा पीत असताना फोन वाजला आणि एक जाडा, झोपाळू आवाज म्हणाला, "हा अमां, खाधी." आजी रडल्या, आई रडल्या, मी रडले. बाबा खिडकीतून बाहेर व्होल्टेज बघत होते.

मग मी आमच्या घराचं ॲप त्या फोनवरून पुसून टाकलं. कायमचं! घरी आले, डबी पुसून ठेवली, दिवा शहाण्यासारखा वागायला लागला. संदेश पुन्हा सहा फुटांचा झाला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पाहिलं तर फ्रिजपाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. "किती शांत वाटतं ना गं घर," त्या म्हणाल्या. रात्री भाजीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "सूनबाई, लाव परत ते."

मी पुन्हा कॅम्प तीनला गेले. दिवा त्यांच्या हाती दिला नाही, फक्त माइक दिला. आता रोज दुपारी दोघींच्या गप्पा चालतात, अर्ध्या सिंधीत, अर्ध्या मराठीत. आईंची तब्येत छान आहे. मात्र मी सुट्टीच्या दिवशी जरा लोळत पडले, की फ्रिजवरून घोगरा आवाज येतो, "रूपा उठी क्या? उसकी चूड़ी की आवाज़ नहीं आ रही!" कुकर जास्त वाजला, की येतो, "गॅस बंद कर, रूपा, दाल जल गई!" आणि आमच्या आई फ्रिजजवळच्या स्टुलावरून उत्तर देतात, "मैं भी वही बोलती है, दादी, लेकिन सुनती किधर है?"

बायका एका सासूने जेरीला येतात. मी एवढी हुशार, की दुसरी वायफायवरून लावून घेतली. आणि ही रुसून चार दिवस लेकीकडेसुद्धा जात नाही, कारण ती आधीच स्वतःच्या घरी बसलेली असते!