मुराळी न गेलेली आखाजी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी जळगावच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी साडेसातला पहिला तास. अकराला सुटलो की चालता चालता पोळीची गुंडाळी खातो आणि दालमिल गाठतो. संध्याकाळच्या बसमध्ये वाचायचं ठरवतो, पण पुस्तक उघडेपर्यंत माझं गाव, असोदा, येतं. पहिल्या दिवशी शिपायाने मला पालक समजून ऑफिसकडे पिटाळलं होतं. पोरं मला आबा म्हणतात. कितीही धुतली तरी तुरीची पिवळी धूळ माझ्या भुवयांत राहते, त्यावरून मागच्या बाकांवर विनोद चालतात. चालू देत. मी पहिल्या बाकावर बसतो आणि हजेरीला सगळ्यांत मोठ्याने ओ देतो.

गावात विचारतात, या वयात काय दिवे लावणार? मी बढतीचं कारण सांगतो. ते खोटं आहे. मिलमध्ये बी.ए.ला कोण विचारतं?

माझी धाकटी बहीण याच कॉलेजात होती. असोद्याहून एकटी बसने यायची. ती दुसऱ्या वर्षाला असताना मी वडिलांच्या सहीचा अर्ज देऊन तिचा दाखला काढून आणला. मुलगी एकटी फिरते, लोक बोलतात, असं मी वडिलांना पटवलं होतं. कोणीही बोलत नव्हतं. मी बारावी नापास होऊन मिलमध्ये पोती उचलत होतो, आणि ती संध्याकाळी ओट्यावर बसून इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची. ते मला ऐकवत नव्हतं. एवढंच कारण होतं. मी दाखला घेऊन आलो तेव्हा ती चुलीपाशी होती. तिने कागद पाहिला आणि तव्यावरची भाकरी उलटली. सहा महिन्यांत तिला धुळ्याला दिली.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिचा मुराळी. सणाला सासरी गेलेल्या मुलीला आणायला भाऊ जातो, तो मुराळी. तो दारात आल्याशिवाय बाई माहेरी निघत नाही. मी एकही वर्ष चुकवलं नाही. जाताना दरवेळी माफी मागायचं ठरवायचो, आणि येताना तिला उसाचा रस पाजून गप्प बसायचो. मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढली, कॉलेजात नाव घातलं, तेही तिला सांगितलं नाही.

यंदा आखाजीच्या आदल्याच दिवशी, तिला आणायला जायच्या दिवशी, माझा इतिहासाचा पेपर आला. काकांना आम्ही नाना म्हणतो. ते म्हणाले, पेपर पुढच्या सालीही येतो. मग खास आवाज खाली आणून म्हणाले, “तू नाही गेला तं तिच्या सासरचे लोक काय म्हनतीन?”

“नाना, लोकांचं नाव मी एकदा वापरलंय. आता मला ते चालणार नाही.”

नानांना मी पहिल्यांदाच उलटून बोललो होतो. ते चहा अर्धा ठेवून उठले.

मग बहिणीला फोन केला. कॉलेज, पेपर, आणि दाखल्यामागचं खरं कारण, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिच्याकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, आणि तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“मले तवाच माहीत होतं,” ती म्हणाली. “माफ नाही करत मी तुले. पेपर दे तू. मुराळी कोनाले पाठवू नको. मी येते बसनं, एकटी.”

पेपर सुटला तेव्हा ती कॉलेजच्या फाटकाशी कट्ट्यावर बसलेली होती, पिशवी मांडीवर घेऊन. पेपर कसा गेला हे तिने मला विचारलं नाही. हातातली प्रश्नपत्रिका घेतली आणि उन्हात उभी राहून शेवटपर्यंत वाचली.

“दुसरा प्रश्न सोपा होता,” ती म्हणाली.

मी तोच सोडला होता. तसं सांगितल्यावर ती हसली, आणि ते हसणं मला लागलं. लागायलाच हवं होतं.

असोद्याला उतरलो तर नाना पारावरच होते. आणायला कोण गेलं होतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं.

“कोनी नाही, नाना. बस होती ना.”

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने ती दिली नाही. आम्ही दोघं त्या सगळ्यांसमोरून, मुद्दाम सावकाश, घराकडे चालत गेलो.

पुढच्या साली पेपर पुन्हा आखाजीच्या आदल्या दिवशी आला, तर मी पुन्हा तिला आणायला जाणार नाही. ती प्रश्नपत्रिका तिने मला परत दिलेली नाही. मी मागणारही नाही.